मागच्या चाकाची किंकाळी

जळगावहून धुळ्याला केवळ ब्रेक लावण्यासाठी सायकलवर जाणारा माणूस आमच्या भागात एकच होऊन गेला, आणि ते माझे थोरले साडू, भाऊ. पाइपाच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर भाऊंनी बारीक टायरची, डिस्क ब्रेकची सायकल घेतली. पाहुण्यांनी चपला बाहेर काढायच्या. सायकल मात्र चाकं पुसून थेट देवघराशेजारी. उन्हाळ्यात तिचे टायर तापू नयेत म्हणून ते वर केळीचं पान टाकत. महिन्यातल्या एका रविवारी पहाटे निघत, एरंडोलला एक चहा, पारोळ्याला दुसरा, आणि दुपारी धुळ्यात अक्कांच्या, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीच्या, दारात.

दुरुस्ती घरीच चाले. "तुम्ही वाचा मास्तर, मी आवळतो." मी कॉलेजच्या ग्रंथालयात होतो, पण पुस्तक हातात धरणारा प्रत्येक जण त्यांच्या लेखी मास्तर. डिस्क म्हणजे चाकाच्या मध्यावर सहा बोल्टांनी बसणारी पोलादी चकती. ब्रेक तिलाच चिमटीत धरतो. ती पहिल्यांदा खोलून पुन्हा बसवायला घेतली, तेव्हा आम्ही नुकतेच भरीत जेवून उठलो होतो. मी माहितीपुस्तक माझ्या सवयीने प्रस्तावनेपासून वाचत गेलो. चकतीला तेलकट हात लावू नये, ही सूचना शेवटच्या पानावर निघाली. तोवर भाऊंनी मागची चकती भाकरीसारखी दोन्ही हातांनी थापटून जागेवर बसवली होती.

"लावला तर काय होतं?"

"किंचाळते," मी वाचून सांगितलं.

"मग आधी वाचायचं ना, मास्तर!"

चकती किंचाळलीच. अक्कांच्या गल्लीच्या कोपऱ्यावर भाऊंनी मागचा ब्रेक दाबला की कुत्री पळत, शेजारी खिडक्या लावून घेत, आणि अक्का तवा ठेवत. भाऊ सायकल भिंतीला टेकवून आत येईपर्यंत पहिली भाकरी फुगलेली असे. मी स्पिरिटने चकती पुसायला निघालो, तर त्यांनी बाटलीच लपवली.

गेल्या वर्षी त्यांनी हलकी, नवी चाकं घेतली. दुकानदार म्हणाला, "काका, चाकं एवढी भारी, डिस्कही नव्या टाका. मागची फार ओरडते."

"नवी डिस्क गप बसस," भाऊ अहिराणीत म्हणाले. "मंग अक्काले कसं समजी, मी उनू ते?"

पुढची चकती नव्या चाकावर चढली. मागची, त्यांच्या येण्याची वर्दी देणारी, त्यांनी जुन्या चाकावरून खोलून वर्तमानपत्रात गुंडाळली, सहा बोल्ट वाटीत ठेवले आणि मला म्हणाले, "रविवारी या, पुस्तक घेऊन." शनिवारी दुपारी त्यांचं हृदय थांबलं.

दिवसकार्याला अक्का आल्या. त्या रडल्या नाहीत. जाताना एवढंच विचारलं, "सायकल कोठे शे?" सायकल मागच्या चाकाविना भिंतीला टेकून उभी होती.

पुढच्या महिन्यात मी हात तीनदा धुतले, पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचलं, आणि जुनी चकती नव्या चाकावर ठेवली. एक बोल्ट आवळायचा, मग त्याच्या समोरचा. मीच मोठ्याने वाचत होतो, मीच आवळत होतो. स्पिरिटची बाटली देवघरामागे सापडली. ती तिथेच ठेवली.

माझ्याच्याने एवढं अंतर कापवणार नव्हतं. सायकल एसटीच्या टपावर टाकून धुळ्याला गेलो आणि स्टँडपासून चालवली. कोपऱ्यावर ब्रेक दाबला. काहीच नाही. पुन्हा, जोरात दाबला, आणि सारी गल्ली किंचाळली.

मी भिंतीशी सायकल टेकवली. आतून तव्याचा आवाज आला.

अक्का दारात आल्या. आधी चाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हात धोई ले. भरीत शे."

आम्ही जेवलो. निघताना त्या उंबऱ्यापर्यंत आल्या आणि सीटवरची धूळ पदराने पुसत म्हणाल्या, "त्या ब्रेकले नीट करू नको, भाऊ."