राइस मिलमधली देवश्री

देवश्री धांडे काठी टेकत का चालते, हे रायपुरात तिच्या जिममध्ये येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्यांना जे ठाऊक आहे ते खोटं आहे.

वडील रेल्वेत होते. ते गेल्यावर क्वार्टर सुटलं आणि आई वनमालाबाई दोन्ही लेकरांना घेऊन तात्यापारा मोहल्ल्यात भाड्यानं राहायला आली. कॉलेजात एनसीसीतून देवश्री डोंगर चढायच्या शिबिराला गेली आणि परतली ती झपाटल्यासारखी. सुट्टी मिळाली की नागपूर गाठायचं, तिथल्या चढाईच्या कृत्रिम भिंतीला लटकायचं, बोटं सोलून घ्यायची. आई वैतागायची, "पोट्टीच्या जातीले हे काय लागून राहिलं!"

रायपूर छत्तीसगडची राजधानी झाली, शहर चहूकडे पसरलं आणि वस्तीत अडकलेली एक जुनी राइस मिल बंद पडली. मालकाचा नातू गौतम बंगळूरहून परतला होता. नवा रायपुरात नोकरीला आलेल्या तरुण मंडळींना संध्याकाळी जायला जागा नाही, तेव्हा मिलमध्ये चढाईचं जिम काढू, असं त्यानं ठरवलं. भिंत चढता येणारं माणूस त्याला गावात एकच सापडलं.

देवश्रीनं त्या मिलसाठी रक्त आटवलं. धान वाळवायच्या उंच मनोऱ्यातून जुनी यंत्रं निघाली, तरी कोंड्याची धूळ महिनोन्‌महिने निघत राहिली. थुंकी तपकिरी यायची. भिंतींवर प्लायवूड चढलं, त्यावर हातापायांनी धरायच्या रंगीत पकडी बसल्या. कुठली कुठे बसवायची, हात कुठून कुठे जाईल, हे सगळं तिनं स्वतः लटकून ठरवलं.

धाकटा भाऊ अनिमेष बी.कॉम. होऊन घरी बसला होता. तिनंच गौतमपुढे शब्द टाकून त्याला कामाला लावलं. खाली उभं राहून दोर कसा धरायचा, हेही तिनंच शिकवलं. "वर गेलेल्या माणसाचा जीव तुह्या उजव्या हातात असते. नाक खाजवाले बी तो हात सोडायचा नाही."

"हाँ दीदी, समझ गया," तो म्हणायचा. घरात मराठी कळायची त्याला, पण तोंडातून हिंदीच यायची.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी मजूर बाहेर जेवायला बसले होते. गौतम मंडपवाल्याशी फाटकावर हुज्जत घालत होता. मनोऱ्यातली सर्वांत अवघड वाट एकदा करून पाहावी म्हणून देवश्री कमरेच्या पट्ट्याला दोराची गाठ मारून चढली. खाली दोराचं दुसरं टोक अनिमेषनं धरलं. वरच्या पकडीला हात लागला तेव्हा तिनं आनंदानं खाली पाहिलं. अनिमेष दोन्ही हातांनी मोबाइल धरून तिचा व्हिडिओ काढत होता.

"अनिमेष, दोर!" ती ओरडली. त्याच क्षणी घामानं बोटं निसटली.

खाली अंथरलेल्या गादीच्या कडेवर कंबर आणि कडेबाहेरच्या सिमेंटवर पाय, अशी ती पडली. शुद्ध गेली नव्हती. अनिमेष धावत आला, गुडघ्यांवर बसला. त्याची बोटं तिच्या कमरेशी घाईघाईनं चाचपू लागली. तिला वाटलं, श्वास घेता यावा म्हणून पट्टा सैल करतो आहे. तिनं त्याचा दंडही धरला, मायेनं. तो दोराची गाठ सोडत होता.

लोक धावून आले तेव्हा दोर एकीकडे पडला होता, देवश्री दुसरीकडे.

"दीदी ने गाँठ ही नहीं बाँधी," अनिमेष धाय मोकलून रडत म्हणाला. रडणं मात्र खरं होतं.

दवाखान्यात कमरेत सळ्या बसल्या. तोंड उघडण्याइतकी ताकद आल्यावर तिनं आईला खरं सांगितलं. वनमालाबाईनं आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "त्याचं लग्न जमून राहिलं, देवश्री. स्वरदाचे घरचे उद्या पाहाले येतात. तुह्यं तं जे व्हायचं ते होऊन गेलं. आता त्याचं काहून नासवतं?"

देवश्री गप्प बसली. आईपेक्षा भावासाठी. आज ना उद्या तो खाटेच्या पायथ्याशी येऊन बसेल, स्वतःहून बोलेल, असं तिला वाटे. तो रोज यायचा, संत्री सोलून द्यायचा, स्वरदाचे फोटो दाखवायचा.

जिम झकास चाललं. अनिमेष मुख्य प्रशिक्षक झाला. गौतमनं मोठ्या मनानं देवश्रीला काउंटरवर बसवलं. तिच्या औषधपाण्याचं तोच पाहायचा. दर रविवारी नव्या लोकांना सुरक्षेचे नियम सांगताना अनिमेष हाक मारायचा, "दीदी, ज़रा इधर आना." ती काठी टेकत जाऊन उभी राही. "देखिए, मेरी अपनी बहन है. चैंपियन थी. एक बार गाँठ चेक नहीं की." बायका चुकचुकत. त्याचा आवाज दर वेळी नेमका तिथेच भरून यायचा. हळूहळू देवश्रीच्या लक्षात आलं की हे नाटक उरलेलं नाही. त्याला आता ते तसंच आठवतं.

एका रविवारी समता कॉलनीतल्या एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्यांनी सहज विचारलं, "उस दिन रस्सी किसने पकड़ी थी?"

"यानं," देवश्री म्हणाली. आणि मग थांबलीच नाही. मोबाइल, हात, सिमेंट, कमरेशी चाचपणारी बोटं, सगळं बोलली. मराठीत सुरू झालेलं हिंदीत संपलं.

अनिमेष पुढे आला. त्यानं अगदी हळुवारपणे बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला आणि डॉक्टरीणबाईंना हलक्या आवाजात म्हणाला, "सर पर भी चोट आई थी, मैडम. कभी-कभी ऐसा होता है. हम लोग बुरा नहीं मानते."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा लगेच मऊ झाला. देवश्रीकडे वळून, लहान मुलाशी बोलावं तसं एकेक शब्द सुटा करत त्या म्हणाल्या, "कोई बात नहीं, बेटा. पानी पियोगी?"

"माह्या डोक्याले काही झालं नाही!" देवश्री किंचाळली. त्या किंचाळण्यानं उरलासुरला संशयही फिटला.

आईनं घरी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आता भावजय झालेल्या स्वरदानं तिचं ताट निराळं आणून दिलं, वर चमचा ठेवला. गौतमनं तिला काउंटरवरून काढून मागच्या खोलीत बसवलं. तिथे लोकांनी काढून ठेवलेल्या भाड्याच्या बुटांत औषध फवारायचं आणि ते जोडीनं लावायचे. काम सोडावं तर गौतमकडून मिळणारी औषधं थांबतील, म्हणून ती रोज जाते.

पुढच्या रविवारी पुन्हा हाक आली. ती गेली, नेहमीच्या जागी उभी राहिली. अनिमेषनं गाठीचं सांगून झाल्यावर तिच्या कपाळावरून हलकेच हात फिरवला आणि नव्या लोकांना म्हणाला, "और हेलमेट. हेलमेट कभी मत भूलिए."

देवश्रीनं मान खाली घातली. समोरची एक बाई डोळे पुसत होती.