मागच्या बाकावरचे गृहस्थ

स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी सांगलीत, विज्ञान मंडळाच्या सभेत मी उसाच्या खोडकिड्यावरचा माझा पहिला निबंध वाचायला उभी राहिले. सभेत बाई मी एकटीच. दोन वाक्यांतच आवाज बसला. पुढच्या रांगेतले प्राध्यापक आपसांत बोलू लागले.

तेवढ्यात मागच्या बाकावरून पटका बांधलेले एक वयस्क सभासद उठले. कानामागे हात धरून म्हणाले, "न्हाई ऐकू आलं. पयल्यापासनं वाचा."

अध्यक्षांनी मान डोलावली. मी पाणी प्याले आणि या वेळी कागद खाली ठेवून, कोरेगावला आमच्या शेतात तो किडा कसा हुडकला ते सांगत गेले. मग प्रश्नांवर प्रश्न आले, अन् मला उत्तरं येत होती.

चहाच्या वेळी मी त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्यांदा आभार मानले. ते दचकलेच.

"आवं, वरडू नका! कान लय चांगलं हायत माझं. पयल्यांदा तुमी भ्याला हुता, म्हणून म्हटलं."

मग मला त्या प्राध्यापकांसमोर नेऊन ते म्हणाले, "ह्या आपल्या मंडळाच्या नव्या संशोधक."

त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पण संशोधक म्हणून माझी ओळख करून देणारे ते पहिलेच, आणि त्या प्राध्यापकांनी मला उठून नमस्कार केला.