क्राइनचा रविवार

लिही मारित. मी सांगते तसंच लिही, शहाणपणा करून माझं बोलणं सरळ करू नकोस.

क्राइन पंचाहत्तर वर्षांचा झाला म्हणून क्लबवाल्यांनी एक पत्रक छापलं. त्यात त्याच्यावर चार ओळी. फुटबॉलचा बचावपटू, शहरातल्या क्लबात इतकी वर्षं, मग बेल्जियममध्ये दोन, गुडघ्यामुळे निवृत्त. संपलं! अगं, मासळीच्या पेटीवरसुद्धा याच्यापेक्षा जास्त लिहिलेलं असतं. माझा धाकटा भाऊ तो. माझ्या कडेवर वाढला. त्याचं खरं काय ते मी सांगते.

आमच्या गावात मुलगा झाला की तो समुद्राचा. त्याला विचारायचं नाही. माझे बाबा हेरिंग मासळीच्या बोटीवर गेले, त्यांचे बाबा गेले, त्यांचेही गेले असणार. पण क्राइनला बोट लागायची. लागायची म्हणजे कशी, बंदराची भिंत मागे पडायच्या आत पोरगं हिरवंगार. पहिल्या खेपेला बाबांनी नेलं तर सगळा वेळ बादलीला मिठी मारून बसला. परत आल्यावर बाबा आईला म्हणाले, "बघ गं, तुझ्या लेकानं सगळ्या माशांना जेवू घातलं. पकडला मात्र एकही नाही."

जमिनीवर मात्र त्याला कुणी हलवू शकत नसे. आमच्या गावचा संघ शनिवारी खेळायचा, अजूनही शनिवारीच खेळतो. त्यात क्राइन गोलकीपरच्या पुढं उभा राहायचा. पळायला बेताचाच, गोल मारायचं तर नावच नको. एकदा मोकळा गोल समोर असताना त्यानं बॉल असा मारला की तो पाद्रीबाबांच्या कोबीत सापडला. पण समोरून कुणी आलं की संपलं. बंदरावर गलबतं बांधायला लोखंडी खुंटा असतो ना, तसा. म्हणून त्याचं नावच खुंटा पडलं. आमच्याकडे आडनाव विचारून कुणी सापडत नाही, निम्म्या गावाचं एकच आडनाव. खुंट्याचं घर कुठलं विचारलं की शेंबडं पोरही दाखवायचं.

आणि बाबा! बाबांनी त्याचा एक शनिवार चुकवला नाही. काठाला उभे राहायचे, हात मागे बांधून, तोंडातून शब्द नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणायचे, "बरा उभा राहिलास." त्यावर क्राइन आठवडाभर खूश.

मग एक दिवस शहरातून एक सूटवाले गृहस्थ आले. मोठ्या क्लबाचे. आईनं कॉफी दिली, बिस्किटांचा डबा पुढं केला. आमच्याकडे पाहुण्यानं एकच घ्यायचं असतं. त्यांनी एक घेतलं, आणि बोलता बोलता दुसऱ्याला हात घातला. बाबांनी तेव्हाच त्यांना नापास केलं असणार. पण ते पुढं म्हणाले ते ऐकून आईनं कॉफीचं भांडं खाली ठेवलं. पगार देऊ, खोली देऊ, क्राइनसारखा माणूस आम्हाला हवाय.

बाबांनी विचारलं, "तुमचे सामने कुठल्या वारी असतात?"

"रविवारी," ते म्हणाले.

बाबांनी डब्याचं झाकण लावलं.

तुम्हा पोरांना आता हसू येईल. पण आमच्या घरी रविवारचे बटाटे शनिवारी सोलून पाण्यात ठेवायचे. रविवारी सायकल नाही, सुई नाही, कात्री नाही. सोमवारचा पेपर घरात येत नसे, कारण तो रविवारी छापायला घेतात. तो दिवस देवाचा. त्या दिवशी पैशासाठी चड्डी घालून बॉलमागे धावायचं? बाबांच्या दृष्टीनं चोरी केलेली परवडली.

क्राइन तेव्हा एकवीस वर्षांचा. तो म्हणाला, "बाबा, बोटीवर मला जमत नाही. दुसरं काहीच मला येत नाही. एवढं एकच येतं."

"मग शनिवारी कर ते."

"शनिवारी कुणी पोट भरत नाही, बाबा."

बाबांनी बिस्किटांचा डबा उचलून फळीवर ठेवला. मग म्हणाले, "जा. पण रविवारी ज्या पायांनी मैदानात उतरशील, ते पाय माझ्या टेबलाखाली नकोत."

आणि क्राइन गेला.

आईला बंदी नव्हती हं, बंदी टेबलाला होती. मंगळवारी आई आणि मी शहराच्या बाजारात मासे विकायला बसायचो, तिथं तो यायचा. पेट्या उचलून द्यायचा. आई वाटाण्याचं घट्ट सूप झाकणाच्या भांड्यात, कापडात गुंडाळून न्यायची, आणि तो आमच्या गाड्याशी उभ्यानं प्यायचा. गिऱ्हाइकं बघायची, हा तर पेपरात येतो तो! एक बाई म्हणाली, "अहो, एवढा मोठा खेळाडू, आणि मासळीबाजारात उभ्यानं जेवतो?" आई म्हणाली, "त्याला बसायला खुर्ची नाही म्हणून." बाईला वाटलं बाजाराबद्दल बोलतेय.

दर वेळी तो विचारायचा, "बाबा काही म्हणाले?"

आई म्हणायची, "पाठ दुखते म्हणाले." दुसरं सांगायला काही नसायचंच. घरात त्याचं नाव निघत नसे. चार वर्षं असं चाललं.

मग ती मोठी थंडी आली. तुझ्या आईनंसुद्धा पाहिली नाही तशी. समुद्राच्या काठाला बर्फ धरलं होतं. मैदानं दगडासारखी, सामने सगळे बंद. आणि थंडी सरल्यावर राहिलेले सामने कुठंतरी बसवायला हवेत, म्हणून मधल्या वारी घ्यायला लागले. एका मंगळवारी संध्याकाळी आम्ही बाजारातून परतलो तेव्हा बाबा पेपर वाचत होते. पाठीमुळे त्यांनी बोट सोडली होती, घरामागच्या पडवीत जाळी सांधायचे. एकाच पानावर ते इतका वेळ थांबले की आईनं मान लांब करून बघितलं. क्राइनच्या क्लबाचा सामना, बुधवारी दुपारी.

आई परत चुलीकडे वळली. तिला चाळीस वर्षांत एक कळलं होतं, बाबांना ढकललं की ते मागे सरकतात.

बुधवारी तुझे आजोबा, नवीनच लग्न झालं होतं आमचं, मासळीची गाडी घेऊन शहरात निघाले होते. मीही होते. तर बाबा मागच्या दारातून आले. रोजचीच विजार, पायात लाकडी जोडे.

"विम, गाडीत जागा आहे का? मला सुतळी आणायचीय."

"सुतळी इथं दुकानात आहे की," आई म्हणाली.

"शहरातली चांगली असते."

"कधीपासून?"

"तू बटाट्याकडे बघ, करपतील," बाबा म्हणाले आणि गाडीत चढले.

शहर आलं. तुझ्या आजोबांनी भोळेपणानं विचारलं, "सुतळीचं दुकान कुठल्या बाजूला, बाबा?" मी त्यांना अशी कोपरखळी मारली! बाबा म्हणाले, "जिकडं माणसं चाललीत तिकडंच असेल."

मैदानात शिरलो. आमच्या गाडीचा वास अंगाला होताच, आजूबाजूचे लोक आपोआप सरकले, छान ऐसपैस जागा मिळाली. बाबा बसले नाहीत. हात मागे बांधून उभे. क्राइन बाहेर आला. मोठा दिसत होता, खांदे भरलेले. 

समोरच्या संघात एक टिल्लू होता, डाव्या बाजूनं वाऱ्यासारखा पळायचा. दोनदा तो क्राइनला चुकवून गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा क्राइननं त्याला असा आडवा केला की पोरगं गवतावर कोलांट्या खात गेलं, अगदी आमच्या समोर. शिट्टी झाली. आमच्या बाजूचे लोक टाळ्या पिटायला लागले. आणि त्या गोंधळात बाबांचा आवाज. वादळात डोलकाठीवरच्या माणसाला हाक मारायचा आवाज तो.

"क्राइन! त्या पोराला उठव!"

अगं, क्राइन जागच्या जागी थिजला. चार वर्षं न ऐकलेला आवाज. त्यानं वळून बघितलं, बघतच राहिला. मग गेला, त्या टिल्लूला हात दिला, उठवलं, पाठीवरची मातीसुद्धा झटकली. तेवढ्यात समोरच्या संघानं फाउलचा बॉल झटकन पुढं ढकलला. सगळे धावले, आमचा खुंटा कपडे झटकतोय! झाला गोल.

लोक जे भडकले! आमच्या पुढचा एक जाड माणूस उठून ओरडला, "घेऊन जा रे त्या मासळीवाल्याला! लाकडाचा ठोकळा! कुणाचं ध्यान आहे ते?"

बाबा म्हणाले, "माझं."

"काय?"

"माझा मुलगा आहे तो."

जाड्या वळला. बाबांचे लाकडी जोडे बघितले, मग वर तोंड बघितलं. "मग काहीतरी शिकवा त्याला!"

"तेच करत होतो," बाबा म्हणाले.

मी रडत होते का हसत होते, मला आजही सांगता यायचं नाही. तुझे आजोबा माझा रुमाल ओढत होते, त्यांनाच नाक पुसायचं होतं.

सामना हरले. आम्ही फाटकाबाहेर थांबलो. क्राइन आला, केस ओले, हातात पिशवी. दोघं समोरासमोर उभे. दोन्ही खुंटेच.

शेवटी क्राइन म्हणाला, "तुमच्यामुळे गोल झाला, बाबा."

"खोटं. तू बॉल सोडून मला बघत होतास, म्हणून झाला."

"ते तेच झालं की."

"तेच नाही." बाबांनी घसा साफ केला. "त्या पोराला लागलं नाही ना?"

"नाही. म्हणाला, तुझा बाप भारी आहे."

बाबांनी तिकडं दुर्लक्ष केलं. मला वाटलं, आता हे सुतळीची गोष्ट काढतात आणि निघतात. तेवढ्यात क्राइन, लहान असताना विचारायचा तसा खालच्या मानेनं म्हणाला, "मी घरी येऊ का?"

बाबांनी तुझ्या आजोबांकडे बघितलं. "विम, आज वार कुठला?"

"बुधवार, बाबा."

"बुधवार," बाबा म्हणाले. "बुधवारी यायला कुणाची ना आहे? सहा दिवस तू माझा. सातव्याचं तू आणि देव बघून घ्या, त्यात मी नाही." आणि जरा थांबून, "मी अजून त्याच्याच बाजूनं आहे, हे लक्षात ठेव. देवाच्या."

"ठेवतो, बाबा."

गाडीत पुढं तिघांचीच जागा. क्राइन मागं, रिकाम्या पेट्यांवर बसून आला. वळणावळणाच्या रस्त्यानं त्याला गाडीही लागली, दोनदा थांबावं लागलं. बाबा खाली उतरून त्याच्या कपाळाला हात लावून उभे होते. आईनं दार उघडलं तेव्हा चार माणसं, एकाचा चेहरा हिरवा. ती एवढंच म्हणाली, "सुतळी मिळाली वाटतं."

त्यानंतर तो येतच राहिला. सोमवारी यायचा, गुरुवारी यायचा. शनिवारी संध्याकाळी कॉफी झाली की बाबा घड्याळाकडे बघायचे, की हा टोपी उचलायचा. ना वाद, ना रुसवा. त्यानं रिया नावाच्या शहरातल्या मुलीशी लग्न केलं, तिलाही हे सगळं समजावून सांगावं लागलं. ती म्हणाली, "तुमच्या घरी सासऱ्यांपेक्षा कॅलेंडर कडक आहे." आई हसून हसून खुर्चीतून पडायची राहिली.

देशाच्या संघात त्याला एकदा बोलावलं. बाकावर बसवलं आणि घरी पाठवलं. बाबांनी विचारलं, "बाक कसा होता?" "बरा होता," तो म्हणाला. मग बेल्जियममध्ये दोन वर्षं. तिथं गुडघा गेला. डॉक्टरनं सांगितलं, आता खेळलास तर काठी घेऊन चालशील. तो गावी परत आला, मासळीच्या लिलावात कामाला लागला, शनिवारच्या मुलांना शिकवायला लागला. "गोल कसा मारायचा ते दुसऱ्या कुणाला विचारा," हे पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

आणि मग आला तो पहिला रविवार. तो आणि रिया चर्चला आले. रियाच्या डोक्यावर, चर्चमध्ये बायकांना लागते म्हणून, उसनी टोपी, माझीच, तिला मोठी होत होती. इतकी वर्षं रविवारी खेळलेला माणूस, त्याला पुढं यायचं धाडस होईना. दोघं अगदी मागे, दारापाशी बसले. सगळं चर्च मान न वळवता मागे बघत होतं, तुला माहितेय ते कसं बघतात. बाबांनी काही मान वळवली नाही. मी मनात म्हटलं, सहा दिवस म्हणाले ते म्हणाले, आता सातवा कुठून देणार?

प्रवचन सुरू झालं. पहिला मुद्दा संपला की सगळीकडे पेपरमिंटच्या गोळ्या निघतात, ज्यानं त्यानं आपल्या घरच्यांना वाटायच्या. बाबांनी खिशातून गोळ्या काढल्या. एक आईला, एक मला, एक तुझ्या आजोबांना. आणि मग आमचे बाबा, जे चर्चमध्ये छप्पर कोसळलं असतं तरी मागे बघायचे नाहीत, ते अख्खे वळले. मागच्या बाकावरच्याच्या हातात दोन गोळ्या ठेवल्या.

"मागे दे," ते म्हणाले. हळू म्हणाले असं त्यांना वाटत होतं. "माझ्या मुलाला. आणि सुनेला."

त्या गोळ्या बाकाबाकावरून मागे गेल्या. मध्ये म्हातारा याप एक तोंडात टाकणार होता, त्याच्या बायकोनं हातावर चापट मारली. पाद्रीबाबा दुसऱ्या मुद्द्याला आले होते, तेही थांबले होते, गोळ्या पोचेपर्यंत. क्राइननं घेतल्या, एक रियाला दिली, एक स्वतः तोंडात टाकली. मग बाबा पुढं वळले आणि पाद्रीबाबांना मान हलवून खूण केली, की चालू द्या आता.