खिंडीतली दगडांची रास

गंगाखेडहून राणीसावरगावला जाणारी मोटार सकाळी आठला सुटते असं स्टँडवरच्या पाटीवर लिहिलं होतं. ती सुटली सव्वानऊला, आणि तीही सगळ्यांनी उतरून मागून ढकलल्यावर. परभणीला बदली झाल्याचं कळवलं तेव्हा पुण्यातले मित्र हसले होते. 'तुझ्या पायांना आता गंज चढणार, तिकडे कुठले आलेत डोंगर?' पण गोदावरी मागे टाकून मोटार दक्षिणेला वळली आणि शेतांच्या पलीकडे धुक्यात बालाघाटाची निळी कड दिसली, तेव्हा मी त्या मंडळींना मनातल्या मनात दोन शब्द सुनावले.

मी डोंगर चढायला चाललोय हे कळल्यावर कंडक्टरला माझी काळजी वाटू लागली.

"काम काय हाय वर?" त्यानं विचारलं.

"काम काही नाही. नुसतं हिंडायचं."

"बिनकामाचं?" त्यानं माझ्याकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं. "बरं, खिंडीत गोट्यांची (दगडांची) रास लागंल. तितं माणूस गेल्यालं हाय. येणारा-जाणारा एक गोटा ठिवतो अन् मग फुडं जातो. तुमीबी ठिवा. पाचला शेवटची मोटार हाय, चुकवू नगा."

राणीसावरगावात एका खानावळीत भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्याच्या पिठाची झणझणीत आमटी) खाल्लं. डोळ्यांतून पाणी आलं, तरी दुसऱ्यांदा मागून घेतलं. मग गावामागच्या पाऊलवाटेला लागलो. सिंहगड चढणाऱ्या माणसाला हा चढ म्हणजे पोरखेळ, असं म्हणत निघालो खरा, पण अर्ध्या तासात धाप लागली. ज्वारीची रानं खाली राहिली, सीताफळीची झुडपं सुरू झाली आणि मार्गशीर्षातलं धुकं उन्हं वर आली तरी हलेना. गावातली कुत्री, मोटेची करकर, सगळे आवाज एकेक करून मागे पडले. पाखरू म्हणून एक ओरडत नव्हतं. मी उगाच खाकरलो, तेव्हा माझाच आवाज मला नकोसा झाला.

खिंडीत ती रास होती. कमरेइतकी उंच, काळ्या दगडांची. मी भुताखेतांना मानत नाही, पण ज्या मुलखात जावं तिथली रीत पाळावी एवढं कळतं. जवळच एक पांढरीशुभ्र गारगोटी पडली होती. ती राशीच्या माथ्यावर ठेवली, नमस्कार केला आणि पुढे पठारावर गेलो.

पठारावर वाट चुकलो. चांगला तासभर त्याच त्या तीन पळसांपाशी पुन्हा पुन्हा येत होतो. शेवटी कंटाळून एका घळीत उतरलो. तेवढ्यात धुकं जरा फाटलं आणि एका आपट्याच्या झाडाखालच्या कपारीत काहीतरी चमकलं. हात घातला, तर चुनाळं. तंबाखू खाणारे कमरेला चुन्याची डबी लावतात, तसलं. पितळेचं, झाकणावर मोर कोरलेला, आतला चुना दगड झालेला. मला एक वाईट खोड आहे. ज्या डोंगरावर जाईन तिथून काहीतरी उचलून आणायचं. चुनाळं दस्तीत (रुमालात) गुंडाळून मी खिशात टाकलं आणि घळीच्या कडेनं चढत पुन्हा खिंडीकडे आलो.

खिंड अजून दिसत नव्हती, तोच आवाज आला. दगडावर दगड आपटल्याचा. मग काहीतरी गडगडत दरीत गेलं. थोडं थांबून पुन्हा तसंच. माणसाचा आवाज मात्र नाही. भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला, कबूल करतो. जवळ गेलो तर रास गुडघ्याइतकीच उरली होती आणि माझी गारगोटी नाहीशी झाली होती. समोर कोणीच नव्हतं.

"ह्यो पांढरा गोटा तुमी ठिवला का?"

राशीच्या पलीकडे, जरा खालच्या अंगाला, एक बाई उकिडवी बसली होती. ती उठली तेव्हा दिसली. पस्तिशीची असेल. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. खालच्या उतारावर तिची मेंढरं धुक्यात चरत होती. गारगोटी तिच्या हातात होती.

"हो. कंडक्टर म्हणाला, इथं माणूस गेलंय..."

"कंडाक्टरला काय ठावं? जित्या माणसावर कशापायी गोटे रचायलाव तुमी लोक?" तिनं गारगोटी दरीत भिरकावली.

मी माफी मागितली. तशी ती निवळली आणि दगडावर टेकली. निजामाचं राज्य गेलं त्या पोलिस ॲक्शनच्या सालात तिचा नवरा मेंढरं घेऊन वर आला होता. एक मेंढी चुकली म्हणून तो संध्याकाळी माघारी फिरला.

"मेंढरं घरी आली, मालक न्हाई आले," ती म्हणाली. "गावानं धा दिस हुडकलं अन् मग हितं रास घातली. मला म्हन्ले, कुकू पूस. मी न्हाई पुसलं. घरात सासू हाय, आंधळी. लेक येतो म्हनून रोज भाकरी झाकून ठिवायला लावती. रोज माझ्या कपाळावर हात फिरवून बघती, कुकू हाय का न्हाई. लोक गोटे ठिवत्यात, मी येऊन काढते. रास वाढली तर खालून दिसती अन् कुनीतरी म्हातारीफुडं बोलतंय."

"अंगावर काय होतं त्यांच्या?" मी सहज विचारलं.

"घोंगडं, काठी. अन् कमरंला चुनाळं. मोराचं."

ते चुनाळं माझ्या खिशात होतं. दाखवलं तर आजच्या आज तिचं कुंकू जाणार आणि त्या म्हातारीचा जीवही जाणार. न दाखवावं तर ही बाई आयुष्यभर दगड उपसत राहणार आणि मी तिच्या नवऱ्याची शेवटची खूण पुण्याला नेऊन मित्रांना दाखवणार. मला स्वतःची शिसारी आली. खोटं बोलण्याइतकं धैर्य माझ्यात नव्हतं, म्हणून मी दस्ती उलगडली.

"हे मला त्या घळीत सापडलं, बाई."

तिनं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. हात लावला नाही.

"न्हाई," ती म्हणाली. "आमच्या मालकाचं न्हाई ह्ये."

"पण मोर आहे..."

"मोर लय जनाच्या चुनाळ्यावर असत्यात." ती उठली, लुगड्याचा पदर खोचला आणि पुन्हा रास उपसू लागली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "जितनं उचललं तितंच नेऊन ठिवा, दादा. आपट्याखालच्या कपारीत. मोर वर करून ठिवा, पालथं नगं."

मी फक्त घळ म्हणालो होतो. आपट्याचं नाव मी काढलं नव्हतं, कपारीचंही नाही.

मी पळतच घळीत गेलो. मघाशी हावरटपणानं हात घातला होता, तेव्हा जे दिसलं नव्हतं ते आता दिसलं. सगळी घळ पाचोळ्यानं भरली होती, पण त्या कपारीत एक पान नव्हतं. ती झाडून काढलेली होती. मोर वर करून चुनाळं ठेवलं आणि मागे न बघता उतरलो. उतरताना दगड गडगडल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. पाचची मोटार मिळाली. कंडक्टरनं विचारलं, "ठिवला का गोटा?" मी हो म्हणालो. दुसरं काय सांगणार?

आता मित्र पत्रांतून विचारतात, तिकडच्या डोंगरांत खरंच पाहण्यासारखं काही आहे का? मी कळवतो की जरूर या. मोटार थेट जाते, चढ बेताचा आहे, येसर फर्मास मिळतं. एवढंच करा, खिंडीत दगड ठेवू नका. तो काढायला एका बाईला एवढा डोंगर चढावा लागतो, आणि ती म्हातारी अजून आहे.