मिशीवाल्या लेकी

"मिशी दिसली का लेक, घुंगरं दिसली का जवाई!" असं म्हणत ती गांजाच्या झाडाचं पान करंगळीने उचलायची आणि पेराशी डोळा लावायची. तिथे दोन पांढरे केस डोकावत असले तर झाड मादी. बारीक कळ्या लोंबत असल्या तर नर. नर तिथल्या तिथे उपटला जाई. त्याची पिवळी भुकटी उडाली की माद्यांच्या तुऱ्यांत बी भरतं, आणि अकोल्याचा व्यापारी नाक मुरडतो. लेकीला मिशी कशी, म्हणून तुम्ही हसाल. आम्हीही हसायचो.

तेल्हाऱ्याच्या वाटेवर आमच्या वावराला लागून तिचं वावर. तिचा दीर तिला वैनी म्हणे, म्हणून सारं गावच तिला वैनी म्हणे. फुलोऱ्याच्या दिवसांत कुणी पुरुष धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आला की ती ओरडे, "धोतर झटक आधी! कुठून जवाई घेऊन आला, काय मालूम!" माझं नुकतंच लग्न झालेलं, मीही कुणाचा तरी जवाई, म्हणून लाजून चूर.

तिच्याकडे दोन वाण होते. एकाचे तुरे मुठीसारखे घट्ट, पण उशिरा येऊन दवाने सडणारे. दुसरा लवकर येई, पण तुरा विसविशीत, नुसता पाला. "या दोघायचं लगन लावतो," ती म्हणायची.

तेवढ्यात अमेरिकेत लढाई पेटली, कापसाचा भाव चढला आणि अमरावतीपासून अकोल्यापर्यंत जो तो कपाशी पेरत सुटला. दीर म्हणाला, "वैनी, पुढच्या साली सारं वावर कपाशीले."

"घ्या. पण यंदा लगन होऊ द्या."

लवकर येणाऱ्या वाणाचा एक नर तिने नाल्यापलीकडे काट्यांच्या कुंपणात राखला. कळ्या उमलल्या त्या सकाळी मलाही वऱ्हाडी म्हणून नेलं. पाहतो तो काय, कापसाची गाडी थांबलेली, आणि गाडीचा बैल नवरदेव चावून खातोय!

ती मटकन खाली बसली. मला वाटलं, आता रडणार. पण तिची नजर बैलाच्या कपाळावर गेली. ते पिवळंधमक झालं होतं. उठून तिने गाडीतला चिमूटभर कापूस उपसला आणि हलक्या हाताने कपाळ पुसू लागली.

गाडीवान चक्रावला. "माय, बैलाले काहून कुरवाळून राहिली?"

"गप रे! नवरदेव इथं बसला हाये."

तो कापूस पदराआड धरून ती धावली, घट्ट तुऱ्याच्या एका फांदीवर फिरवला आणि फांदी लुगड्याच्या फडक्यात बांधली.

बी मिळालं ते ओंजळभरही नाही. पुढच्या साली कपाशी पेरताना दिराने धुऱ्यालगतची पट्टी तेवढी सोडली होती. तिथे तिने ते पेरलं. तुरे लवकर आले, आणि घट्ट आले. एकेकाला हात लावत ती मला म्हणाली, "पाह्य, नातवंडं दोघायवरही गेले."

लढाई संपली, कापूस कोसळला. दीर मान खाली घालून आला. "वैनी, ते बी हाये काय?"

"हाये ना. तुमच्यासाठीच ठेवलं." एवढं बोलून ती त्याला दिसेल असं मनसोक्त हसली.

पुढे एका पावसाळ्यात तापाने ती गेली. त्या साली फुलोऱ्यात दीर आणि मी ओळीओळीने फिरत होतो. एका झाडावरून आमची हुज्जत झाली. तो म्हणे लेक, मी म्हणे जवाई. शेवटी तो वैतागला. "थांब, वैनीलेच इचारतो." आणि घराकडे निघाला.

थोडा पुढे जाऊन तो थबकला. बराच वेळ त्याने माझ्याकडे तोंड वळवलं नाही.