चिंध्यांचं झाड

बाबा गेले आणि आईनं देवाला हात जोडायचं सोडलं. भांडण नाही, शिव्याशाप नाहीत, नुसतं सोडलं. वर्षानुवर्षं पहाटे अंघोळ झाली की आधी दत्त महाराजांपुढे समई लावायची आणि मगच चहाचं आधण ठेवायचं, अशी जी बाई, ती आता उठून सरळ चहाच ठेवायची. रडलीही नव्हती. कराडच्या घरी लोक भेटायला यायचे, बायका गळ्यात पडून रडायच्या आणि आई त्यांच्या पाठीवरून हात फिरवायची, जणू माणूस त्यांचंच गेलं होतं. मला बाबांच्या जाण्याइतकीच याची भीती वाटत होती. पुढल्या वर्षी, म्हणजे २०११ साली, ताईनं आणि मी मिळून तिला आयर्लंडला बोलावून घेतलं. आधी ताईकडे, मग माझ्याकडे आणि परतीचं विमान डब्लिनहून असल्यामुळे शेवटी पुन्हा ताईकडे, असं ठरलं. म्हणजे सुरुवातही ताईची आणि शेवटही ताईचाच. माझ्या वाट्याला मधला तुकडा.

ताई माझी थोरली बहीण. सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या हुद्द्यावर, डब्लिनजवळ सिटीवेस्टला स्वतःचं घर, मागे हिरवळ, दारात दोन गाड्या. मी शॅननला. आमचे हे तिथल्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका कारखान्यात, आणि मी डिपेंडंट व्हिसावर घरी. भाड्याचा दोन खोल्यांचा फ्लॅट, आणि देवघर म्हणजे किचनमधल्या प्रेसचा वरचा कप्पा. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. मत्सर हा शब्द पोथीत वाचताना सोपा वाटतो, पण बहिणीचा मत्सर म्हणजे काय ते मला लहानपणापासून ठाऊक होतं. तिची वेणी लांब, तिचे मार्क जास्त, बाबांच्या स्कूटरवर पुढे ती उभी राहणार. म्हणून मी महाराजांपुढे जे मागितलं, तेही साधं सरळ नव्हतं. मी म्हटलं, "महाराज, आईनं परत हात जोडू देत. आणि ते माझ्या घरी जोडू देत." दुसरं वाक्य मी हळू म्हटलं होतं, पण म्हटलं होतं.

ताईनं तिला डब्लिनच्या मोठ्या पार्कात नेऊन मोकळी फिरणारी हरणं दाखवली होती. आई माझ्याकडे आली ती हरणं डोळ्यांत घेऊनच. उतरल्या उतरल्या म्हणाली, "ताईकडची हरणं काय गं सुंदर, हातभर अंतरावरनं गेली." झालं. ताईच्या हरणांना किल्ल्यांनी उत्तर द्यायचं मी त्याच रात्री ठरवलं. शॅनन गाव एवढंसं असलं तरी आजूबाजूला किल्ल्यांची नुसती रेलचेल आहे. मी नुकतीच गाडी शिकले होते. हे कंपनीच्या मिनीबसनं जायचे आणि गाडी मला मिळायची. मी रोज डबा आणि थर्मास भरून आईला बाहेर काढायची. बनरॅटीचा किल्ला दाखवला. तिथे जुन्या काळच्या झोपड्या आहेत, चुलीत पीट, म्हणजे दलदलीतली वाळवलेली माती, जळत असतं, त्या वासाशी आई क्षणभर थांबली. मला आशा वाटली. तर म्हणाली, "ताईच्या पोरींना दाखवायला पाहिजे होतं हे." एका जुन्या वाड्याची बाग दाखवली, ऱ्होडोडेंड्रॉन डोंगरभर फुललेले, तर म्हणाली छान आहे, आणि बाकावर बसून आपल्या हाताकडे बघत राहिली. बरनचा तो उघडा खडकाळ मुलूख दाखवला, खडकांच्या भेगांतून इवली निळी फुलं येतात तो. तेव्हा म्हणाली, "दगडंच की गं ती. आपल्याकडं काय कमी हायत व्हय?" मोहेरच्या कड्यांवर गेलो तर धुकं असं, की कडे सोडा, मला आई दिसेना. ताई आपल्या घरच्या सगळ्यांना घेऊन आदल्या वर्षी तिथे गेली होती, तेव्हा म्हणे लख्ख ऊन होतं. अर्थात. ऊनसुद्धा ताईच्याच बाजूचं.

खरं सांगते, त्या दिवसांत आईच्या दुःखापेक्षा माझं लक्ष ती कोणाचं नाव घेते याकडेच जास्त असायचं. संध्याकाळी ताईचा फोन आला की आई किती वेळ बोलते आणि आवाज किती मोकळा लागतो, ते मी भाजी चिरता चिरता ऐकायची. मग प्रेस उघडून महाराजांकडे बघायची आणि मनात म्हणायची, तुम्हीसुद्धा तिच्याच बाजूचे का?

मे महिना संपत आला होता. आई ताईकडे परत जायला थोडेच दिवस उरले होते. मी तिला गावापासून थोड्या अंतरावरच्या एका पडक्या टॉवरकडे घेऊन गेले. कोणी फारसं येत नाही तिथे. एका लहानशा तळ्याकाठी तो मोडका बुरूज उभा आहे, आयव्हीच्या वेलीनं अर्धा झाकलेला. गाडी लावून आम्ही पायवाटेनं निघालो तर उजवीकडे एक फाटा फुटत होता, आणि त्या फाट्याच्या टोकाला एक बुटकं काटेरी झाड पांढऱ्या फुलांनी भरलेलं होतं. त्याच्या फांद्यांना दोरे, फिती, कापडाच्या चिंध्या बांधलेल्या होत्या. शेकडो असतील. दोरे गुंडाळलेलं झाड म्हटल्यावर आमच्यासारख्यांच्या मनात एकच येणार. आईनं आयुष्यभर वटपौर्णिमेला उपास करून वडाला दोरा गुंडाळला होता, आणि तरी बाबा गेले होते. ज्या गोष्टीवरून तिचं देवाशी तुटलं तीच तिच्यापुढे उभी करायला मी तिला आणलं होतं की काय! मी पटकन तिच्या कोपराला धरून तिला बुरुजाकडे वळवलं. तिनं विचारलं काय आहे तिकडं, तर मी म्हटलं, काही नाही, वाऱ्यानं कचरा अडकलाय झाडाला.

तिला बाकावर बसवलं आणि लक्षात आलं की थर्मास गाडीतच राहिलाय. मी घ्यायला गेले. परत येते तो बाक रिकामा. सुरुवातीला वाटलं, बुरुजामागे असेल. नव्हती. हाका मारल्या. आईला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, फोन तिच्याजवळ नव्हता आणि समोर तळं होतं, काळंभोर, काठ निसरडा. न रडलेल्या माणसाबद्दल मनात जे जे येऊ नये ते सगळं त्या क्षणी आलं. मी काठाकाठानं धावले, चिखलात एक चप्पल रुतून राहिली ती तशीच सोडली. आणि धावताना माझ्या तोंडून जे निघालं ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मी म्हटलं, महाराज, तिला ताईकडे ठेवा, कायमची ठेवा, मला एकदाही नाही भेटली तरी चालेल, पण असू दे. कुणाच्याही हातून होवो, पण असू दे.

मला पाणी सोडून त्या झाडाकडे बघायचं का सुचलं, ते मला सांगता येणार नाही. बघितलं एवढंच. झाडाखाली दगडांनी बांधलेला एक झरा होता, पवित्र विहीर म्हणतात त्याला इथे, आणि त्याच्याभोवती एक आयरिश म्हातारी फिरत होती. अंगात रेनकोट, डोक्याला रुमाल, ओठ हलत होते. विहीर उजव्या हाताला ठेवून, अगदी आपल्या प्रदक्षिणेसारखी. तिच्या मागे चार पावलांवर माझी आई फिरत होती. आईच्या चपला बाजूला काढून ठेवलेल्या होत्या.

मी ओरडतच तिकडे गेले. तेवढ्यात म्हातारीनं न थांबता हात वर करून मला जागीच उभं केलं आणि म्हणाली, "लीव्ह हर बी, लव्ह. शी'ज ग्रँड." असू दे तिला, ठीक आहे ती. मला राग आला, खोटं कशाला सांगू. आई सापडल्याचा आनंद व्हायच्या आधी राग आला. माझ्या आईचं मला सांगणारी ही कोण? मी रोज डबे भरले, बागा दाखवल्या, धुक्यात गाडी चालवली, आणि आई चार पावलं चालली ती हिच्या मागे! पण मी तिथेच उभी राहिले, एका पायात चप्पल आणि हातात थर्मास. फेऱ्या झाल्यावर म्हातारीनं आपल्या हातरुमालाची पट्टी फाडून फांदीला बांधली. उरलेला रुमाल तिनं आईपुढे धरला. आईनं मान हलवली आणि कपाळाला, जिथे कुंकू असायचं तिथे, बोट लावून दाखवलं, की मला चालत नाही. तेव्हा म्हातारीनं आपल्या बोटातली झिजलेली अंगठी दाखवली, आकाशाकडे बघितलं, आणि रुमाल तसाच पुढे धरून उभी राहिली.

आईनं तो बांधला. काट्यांतून हात घालून, सावकाश, पक्की गाठ मारून बांधला. आणि मग ती त्या झाडाखाली बसून रडली. बाबा गेल्यापासूनचं सगळं रडली. म्हातारीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला नाही. रडणं थांबेपर्यंत नुसती शेजारी उभी राहिली. मग माझ्याकडे बघून मान हलवली आणि गावच्या रस्त्याला लागली. तिचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही.

गाडीत आई म्हणाली, "तिचाबी गेलाय. तरी फिरतीया बघ. आपल्यात म्हणत्यात, नवरा गेला की दोरा संपला." मग म्हणाली, "कचरा न्हवता गं तो." आणि लगेच, "ताईला फोन लाव जरा." मी गाडी कडेला घेतली आणि फोन लावून दिला. ती ताईशी रडत रडत बाबांबद्दल बोलत राहिली, त्यांच्या सवयी, त्यांचं शेवटचं आजारपण. मी स्टिअरिंगवर हात ठेवून समोरच्या शेतातल्या गायी मोजत होते.

त्या संध्याकाळी मी समई घासून लख्ख केली, तेल घातलं, वाती केल्या आणि प्रेसचं दार मुद्दाम उघडं ठेवलं. आई आली, चहा केला, बशी धुतली आणि झोपायला गेली. दुसऱ्या दिवशीही तेच. माझ्या घरी तिनं शेवटपर्यंत समईला हात लावला नाही. जेवत मात्र होती, बाबांचं नाव घेत होती, रडत होती. मग तिला मी डब्लिनला सोडून आले.

चार दिवसांनी सकाळी ताईचा फोन आला. तिचा आवाज आनंदानं कापत होता. "अगं, आईनं आज समई लावली. माझ्याकडं. अंघोळ करून आली, हात जोडले आणि मग चहा ठेवला. मला वाटतंच होतं, मुलींच्यात राहिली की येईल ती जागेवर." माझ्या जिभेवर सगळं तयार होतं, झाड, झरा, रुमाल, म्हातारी, मी आणि माझी चिखलातली चप्पल. एका वाक्यात तिचा आनंद अर्धा करता आला असता, आणि मला तो करावासा वाटत होता. मग तळ्याकाठी मी काय बोलले होते ते आठवलं. महाराजांनी त्यातला शब्दन् शब्द ऐकला होता. आई असू दे म्हटलं, ती होती. कुणाच्याही हातून म्हटलं, तर एकदा परक्या बाईच्या हातून झालं आणि एकदा ताईच्या घरी झालं. आता तक्रार करायला मला तोंड होतं कुठे?

मी म्हटलं, "बरं झालं गं ताई. तुझ्याकडं आल्यामुळंच झालं." फोन ठेवल्यावर मी प्रेस उघडला, महाराजांपुढे डोकं टेकलं आणि बऱ्याच दिवसांनी काहीही न मागता नुसती बसून राहिले. ताईचा हेवा अजून वाटतो, तो काही असा एका दिवसात जाणारा नाही. पण कराडला रोज पहाटे आई दिवा लावते, आणि त्याची सुरुवात त्या चिंध्यांच्या झाडाखाली झाली, हे मी ताईला कधीच सांगायला गेले नाही.