इद्रिस प्रॉसरचा खर्ज

दक्षिण वेल्समधल्या ऱ्हॉन्डा खोऱ्यात इद्रिस प्रॉसर बस चालवायचा आणि मी, कोरेगावचा गिरीश, त्याच बसमध्ये तिकिटं फाडायचो. खाणीवरून वर जाणारा चढ आला की बस धापा टाकी, आणि तिच्या धापेत सूर मिसळून इद्रिस खर्जात गुणगुणे. त्याचं इंग्रजी झोके घेत चाले. प्रत्येक वाक्य शेवटी टेकडी चढून वर जाई. मला ते फार आवडे. आमच्याकडचा हेल घेऊन मी पुण्यात गेलो तेव्हा लोक हसले होते, पण मी तो सोडला नाही.

"सैन्यात लंडनच्या पोरांनी मला कधी नावानं हाक मारली नाही," इद्रिस सांगे. "मी तोंड उघडलं की 'टॅफी'! वेल्श माणसाला ते टॅफीच म्हणतात, बोलण्यावरून लगेच ओळखू येतो ना."

एकाहत्तर साली त्याच्या लेकीचं, मेगनचं, लग्न उत्तरेतल्या बाला गावच्या शेतकऱ्याच्या मुलाशी ठरलं. तिकडे घराघरात वेल्श भाषा. मुलाची आई, मिसेस रॉबर्ट्स, भेटायला आल्या, चहा प्यायल्या आणि निघताना मेगनला म्हणाल्या, "तुझे वडील मनानं चांगले आहेत हो. पण वेल्श नाहीत. इंग्लिशच म्हणायचे."

इद्रिसच्या आजोबांनंतर घरात वेल्श कुणी बोललंच नव्हतं. हे इद्रिसच्या कानावर आलं त्या दिवसापासून चढावरचं गुणगुणणं थांबलं.

"बटी," तो मला म्हणाला. खोऱ्यात दोस्ताला बटीच म्हणतात. "इंग्लंडमध्ये मी वेल्श आणि वेल्समध्ये इंग्लिश. मग लग्नाच्या दिवशी लेकीला हाताला धरून त्यांच्या चॅपेलात नेणारा मी कोण?"

"बस ड्रायव्हर."

तो हसला नाही.

लग्नाला आमचा अख्खा डेपो बस घेऊन गेला. चॅपेलात एका बाजूला बालाची शेतकरी मंडळी, दुसऱ्या बाजूला आम्ही. वेल्श स्तोत्र सुरू झालं. तिथे सगळे एका सुरात गात नाहीत. बायकांचे दोन सूर, पुरुषांचे दोन, आणि ज्यानं त्यानं आपला सूर धरायचा. पहिलं कडवं उत्तरेनं म्हटलं. चांगलं झालं, पण खालच्या सुराचा पायाच नव्हता त्याला.

दुसऱ्या कडव्याला पुढच्या बाकावरून खर्ज उठला. लहानपणी रविवारच्या शाळेत भिंतीवरचा तक्ता बघत इद्रिस डो-रे-मी शिकला होता, आमचं सा-रे-गच ते. सुरांबरोबर शब्दही आत जाऊन बसले होते. त्याच्या सुरामागे आमचे ड्रायव्हर, कंडक्टर सगळे आले. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. मिसेस रॉबर्ट्स टोपीसकट आमच्या बाजूला वळल्या.

जेवणाच्या वेळी त्या इद्रिससमोर येऊन उभ्या राहिल्या.

"मिस्टर प्रॉसर, हे शब्द कुठे लपवले होते?"

"चॅपेलात ठेवून यायचो. बसमध्ये कोण विचारतं?"

"अर्थ कळतो?"

"निम्मा."

"आमच्या ह्यांनाही निम्माच कळतो," त्या म्हणाल्या आणि मान हलवली. "पण उच्चार काय हो तुमचे! अस्सल दक्षिणेतल्या वेल्श माणसाचे. आमच्याकडे असं कुणी बोललं तर पोरं हसतील."

इद्रिस हातातली बशी घेऊन धावत माझ्याकडे आला. "ऐकलंस, बटी? माझ्या वेल्शला हसतील म्हणाली!"

परतीच्या वाटेवर त्यानं हे सगळ्यांना पुन्हापुन्हा ऐकवलं. मग आमच्या खोऱ्याचा चढ लागला, बस धापा टाकू लागली, आणि इद्रिसनं खालचा सा लावला.